कोणाच्या डोळ्याला शोभते?

दिवाळीची सुट्टी संपवून माझी पुतणी दिल्लीला परत निघाली, तेव्हा तिला स्वेटर घेऊन द्यायला मी तिच्यासोबत मंगरूळपीरच्या बाजारात गेलो होतो. ती तिथे एम. ए. करते. दिल्लीतला हा तिचा पहिलाच हिवाळा. आमच्याकडची थंडी पऱ्हाट्यांच्या शेकोटीने भागते, तिकडची तशी भागत नाही, एवढे तिला मैत्रिणींकडून कळले होते. रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून स्वेटर टांगले होते. माल बहुतेक लुधियानाचा. पोरीने पहिल्याच नजरेत एक स्वेटर खाली काढला. रंग हळदीचा, आडव्या पट्ट्यांचा, जाड विणीचा. अंगाला लावला, आणि तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. मग तिने मोबाईल काढला, त्यावर काही वाचले, आणि स्वेटर परत दोरीवर टाकला.

"काका, हा मले शोभणार नाही. सावळ्या रंगाले पिवळा मारते म्हणे. अन् माझे खांदे रुंद आहेत, आडव्या पट्ट्या नाही चालत."

थोड्या वेळाने तिच्या हातात एक राखी रंगाचा, बारीक विणीचा, व्ही गळ्याचा स्वेटर होता. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, यात रंग उजळ दिसते."

मी तिचा मोबाईल मागून घेतला आणि तो मजकूर पूर्ण वाचला. हा लेख त्या मजकुरावर आहे.

असा मजकूर मी गेली चाळीस वर्षे वाचत आलो आहे. पूर्वी तो बायकांच्या मासिकांच्या हिवाळी अंकांत विणकामाच्या नमुन्यांशेजारी असे. दोन सुलट, दोन उलट असे टाके सांगून झाले की खाली कोणत्या अंगकाठीला कोणता गळा आणि कोणत्या वर्णाला कोणती लोकर हे येई. आता तो हातातल्या काचेवर येतो, एवढाच फरक. त्याचा कर्ता कोणी एक नसतो. तो म्हणींसारखा सगळ्यांचा असतो, आणि म्हणूनच त्याला कोणी जाब विचारत नाही. समीक्षकाने विचारावा असे मला वाटते.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, हे मध्यमवर्गीयांचे चोचले आहेत. जिथे भाकरीचा प्रश्न सुटला नाही तिथे लोकरीच्या रंगाची चर्चा कशाला? मला हे म्हणणे मान्य नाही. कपड्याची निवड हा आपल्या चळवळीच्या कार्यक्रमातला विषय आहे आणि तो खुद्द बाबासाहेबांनी त्यात घातला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे आणि दागिने कोणते टाकून द्यावेत, हे त्यांनी त्यांना सांगितले. ज्या पेहरावावरून अस्पृश्य म्हणून ओळखू येता तो सोडा. ठिगळांचे असले तरी चालेल, पण स्वच्छ नेसा. अंगावर काय घालावे हे ठरवण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. पुढाऱ्याने सभेत बोलावा असा हा विषय त्या काळच्या अन्य पुढाऱ्यांना वाटला नसता. बाबासाहेबांना वाटला, कारण कापडावर काय लिहिलेले असते ते त्यांना वाचता येत होते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. ग्रंथातले ग्रंथातच राहते असे कोणी समजू नये. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात त्यांनी नोंदवून ठेवले आहे की महारणीने लुगड्याचा काठ दिसू न देता, तो निऱ्यांत दडवून नेसायचे. काठ मिरवणे हा वरच्या जातीच्या बायकांचा मान. म्हणजे लुगडे अंगावर असले तरी त्याची शोभा झाकूनच ठेवायची. शोभण्याचीही वतनदारी होती. बायकांच्या एका मासिकाच्या पानांवर हे आले याचे मला फार मोल वाटते. शोभा शिकवणाऱ्या पानांच्या घराण्यातच शोभेच्या गुलामीची हकिगत छापली गेली.

तेव्हा ज्या समाजाला निवडच नव्हती, उतरलेले आणि टाकलेले घालायचे होते, त्या समाजातली एक मुलगी पन्नास स्वेटरांपुढे उभी राहून एक निवडते, ही माझ्या लेखी साधी घटना नाही. आणि तिने स्वतःच्या डोळ्याने निवडलेला स्वेटर दुसऱ्याच्या डोळ्याने परत ठेवला, हीही साधी घटना नाही.

आता सल्ल्याकडे वळतो. तो सगळाच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. चेहऱ्याजवळचा रंग चेहऱ्याचा रंग बदलून दाखवतो, हे खरे आहे. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे आणि पडदे विणत, तिथल्या रंगणीवर तो देखरेख करी. काळ्या धाग्याचा काळेपणा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यामुळे काळा तसा दिसत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांपासून दूर ढकलले जातात, फिक्याजवळ गडद अधिक गडद दिसतो, असा त्याचा नियम. माणसाच्या कातडीशेजारी कोणते कापड काय करते याचाही त्याने विचार केला होता. शिंपी आणि रंगारी हे आपल्या हाताने आधीपासून जाणत होतेच.

म्हणजे पांढऱ्या स्वेटरात सावळा चेहरा अधिक सावळा दिसतो, हे विधान बरोबर. पण 'म्हणून सावळ्या बाईने पांढरा घालू नये' हे पुढचे विधान शेव्रलच्या नियमात कुठेही नाही. ते कुठून आले? गोरी बाई काळा स्वेटर घालते तेव्हा ती अधिक गोरी दिसते; नियम तोच, विरोध तोच; पण तिथे सल्लागार म्हणतो, गोरेपण 'उठून दिसते'. सावळीच्या बाबतीत तोच विरोध 'मारतो'. एकाच नियमाला दोन क्रियापदे लावली आहेत. पहिली गोष्ट प्रकाशाची आहे, दुसरी समाजाची. आणि सल्लागाराने दोन्ही एका वाक्यात अशा शिवल्या आहेत की टाका दिसू नये.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. मराठी समीक्षेने ते पाठ केले, कवितांना लावले, चित्रांना लावले. अंगावरच्या लोकरीला लावून पाहिले असते तर एक मजेशीर गोष्ट दिसली असती. गोऱ्या अंगाला तिन्ही लयी मोकळ्या आहेत. तिने गुलाबी घातला तर संवाद, काळा घातला तर विरोध, राखी घातला तर समतोल. सावळ्या अंगाला यातली एकही लय देऊ केलेली नाही. तिला चौथीच गोष्ट सांगितली जाते, आणि तिचे नाव लपवणूक. सौंदर्यशास्त्रात लपवणुकीला जागा नाही. मग ती या पानांत येते कोठून, हे विचारायला आपण सौंदर्यशास्त्राबाहेर जायला हवे.

बरे, शास्त्रात तरी एकमत असावे! १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांचे 'कलर मी ब्युटिफुल' निघाले. त्यात माणसांची चार ऋतूंत वाटणी केली होती: वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा, आणि ज्याचा जो ऋतू त्याचे त्याने रंग घालावेत. त्या पुस्तकाने गोऱ्या लोकांना चारही ऋतू वाटून दिले आणि आशिया-आफ्रिकेतली बहुतेक सावळी-काळी माणसे एका हिवाळ्यात ढकलली. अर्धे जग एका पेटीत. पण गंमत पुढे आहे. त्या हिवाळ्याच्या पेटीतल्या रंगांत शुभ्र पांढरा आहे, लालभडक आहे, गडद निळा आहे. म्हणजे ज्या तोंडाला तिकडचे पुस्तक पांढरा आणि लाल घालायला सांगते, त्याच तोंडाला आमचे सल्लागार पांढऱ्यापासून आणि लालपासून दूर ठेवतात. दोघांचेही डोळे शाबूत आहेत. तिकडचा सल्लागार चेहरा ठळक करायचा म्हणतो, इकडचा चेहरा फिका करायचा म्हणतो. रंगाची निवड डोळ्याने होत नाही. काय झाकायचे ते आधी ठरते, मग रंग शोधला जातो.

इथे मला माझ्या मायचे पांढरे पातळ आठवते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूरला जाणाऱ्यांत ती होती. मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यात. वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली. मूर्तिजापूरपर्यंत पायी आणि बैलगाडीने, तिथून रेल्वे. पांढरी वस्त्रे नेसून या असा निरोप होता, आणि नागपूरच्या बाजारात पांढऱ्या लुगड्यांचा तुटवडा पडला, हे त्या दिवसांच्या आठवणींतून अनेकांनी सांगितले आहे. बाबासाहेब स्वतः पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. उन्हातान्हात राबून काळवंडलेल्या लाखो माणसांनी त्या दिवशी पांढरे घातले. शेव्रलच्या नियमाने त्या मैदानावरचा प्रत्येक चेहरा अधिक काळा दिसला असणार. माय सांगायची, "इतकं चांगलं मी कधी दिसलीच नाही." तिने आरसा पाहिला नव्हता. आसपासच्या बाया पाहिल्या होत्या.

मग प्रश्न असा की या सल्ल्यामागचा डोळा कोणाचा? विवाहविषयक जाहिरातीचा, असे माझे उत्तर आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी अशी उतरंड जिथे रोज छापली जाते तिथला तो डोळा. यातला 'निमगोरी' हा शब्द तर खास मराठी करामत आहे. निमकाळी असा शब्द कोणी काढला नाही. विठ्ठल सावळा चालतो, सून सावळी चालत नाही. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि २०२० साली तिने नावातला गोरेपणा पुसून 'ग्लो अँड लव्हली' असे नाव घेतले. दुकानदाराच्या तोंडचे 'उजळ दिसते' तेच आहे. तो बिचारा विक्रीचे वाक्य बोलला.

एक गैरसमज मात्र होऊ नये. मराठीत रंगालाही वर्ण म्हणतात आणि चातुर्वर्ण्यातल्या वर्णालाही, म्हणून गोरा तो ब्राह्मण आणि काळा तो अस्पृश्य असे सरळ गणित मांडणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांनी हे गणित फेटाळले आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. काळा ब्राह्मण आणि गोरा महार मंगरूळच्या कोणत्याही चौकात दिसतात. कातडी जात सांगत नाही. पण कातडीकडे बघण्याची रीत जातीकडून शिकलेली असते, आणि माझा वाद तिच्याशी आहे.

या वादात आपले हातही स्वच्छ नाहीत. नवबौद्ध वधू पाहिजे या रकान्यातही 'गोरी' हे विशेषण पहिल्या ओळीत असते. आपल्या कथांतून वस्तीत एखादी देखणी पोर जन्माला आली की ती हमखास उजळ निघते, आणि काळा रंग येतो तो कष्टाची, भुकेची खूण म्हणून. नुसता देखणा म्हणून काळा रंग मला आपल्या गद्यात फार थोडा सापडला. जयंतीच्या तसबिरी पाहा. बाबासाहेबांचा कोट गडद निळा आणि चेहरा गोरापान. तथागत तर त्याहून गोरे. चित्रकाराला कोणी सांगितलेले नसते, त्याचा कुंचलाच तसा वळतो. तो निळा कोट मात्र मला दरवेळी थांबवतो. १९२१ साली मदुराईत गांधींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला. ज्याच्यापाशी कपडे होते त्याला ते टाकण्यात अर्थ होता. ज्याच्या आज्याला उघडे राहण्याची सक्ती होती, त्याला पूर्ण सूट अंगात घालण्यात अर्थ होता. बाबासाहेबांना तो सूट 'शोभतो' का, असे मासिकातल्या सल्लागाराला विचारले असते तर त्याने अंगकाठीकडे बघून काहीतरी कमी करायला सांगितले असते.

अंगकाठीचे प्रकरण थोडक्यात उरकतो. या पानांत बायकांची वाटणी फळांत असते. सफरचंदासारखी, नासपतीसारखी. आमच्या भागात संत्री होतात, पण संत्र्यासारखी बाई त्यात नाही. प्रत्येक फळाला काही ना काही झाकायला सांगितलेले असते. रुंद खांद्यांना बारीक वीण आणि व्ही गळा. भरल्या अंगाला उभ्या पट्ट्या. आता आडव्या पट्ट्यांनी माणूस रुंद दिसतो हे तर सगळे डोळे मिटून मानतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उलटे दाखवले होते: सारख्या मापाचे दोन चौकोन घेतले, एकात आडव्या रेघा आणि एकात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. एकविसाव्या शतकात माणसांच्या चित्रांवर हेच पुन्हा तपासले गेले, आणि आडव्या पट्ट्या जाड दाखवतात हा समज तिथेही टिकला नाही. तरी सल्ला चालूच आहे. व्ही गळ्याने मान लांब दिसते हे खरे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसावी, दंडावर उतरू नये, हेही खरे आणि उपयोगाचे. एवढे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण माझ्या पुतणीचे खांदे रुंद का आहेत? तिच्या आजीने, म्हणजे माझ्या मायने, डोक्याखांद्यावरून जळण वाहिले, पाण्याच्या घागरी वाहिल्या, कापसाची बोंडे वेचून ओटी भरभरून गाठोडी बांधली. खांदे असे वारशाने येतात की नाही ते शास्त्रज्ञ जाणोत. ते झाकायला मात्र मला कारण दिसत नाही.

एका शब्दाची गंमत सांगतो. विलायतेत या लोकरी कपड्याला जंपर म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या झंपर म्हणत तो पोलक्याला. शब्द तिकडून आला, कापड दुसरेच धरून बसला.

आता माझी स्वतःची साक्ष. साल १९६८ असावे. मायने जुन्या कपड्यांच्या ढिगातून माझ्यासाठी एक स्वेटर आणला. लालभडक. बायकांचा होता, कारण बटणे डावीकडे होती. ते आम्हाला शाळेत कळले, पोरांनी सांगितले. पण पोरांच्या हसण्याचे मला विशेष काही वाटले नाही. एका घरी माय कामाला जाई. तिथली बाई ओसरीवरून मला बघून म्हणाली, "काया पोराले लाल सेटर! सोभते का गं?" माय काही बोलली नाही. त्या रात्री मी स्वेटर काढून ठेवला आणि दोन दिवस कुडकुडत शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशी मायने तो माझ्या अंगात बळेच घातला. म्हणाली, "लाल रंग दुरून दिसते. तू शाळेतून येतो तवा मले वावरातून दिसतो." शोभण्याची एवढी नेमकी व्याख्या मी पुढे कोणत्याही ग्रंथात वाचली नाही. सौंदर्य पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते असे म्हणून विद्वान मोकळे होतात. कोणत्या पाहणाऱ्याच्या? ओसरीवरच्या की वावरातल्या?

हे सगळे मी पोरीला बाजारात सांगितले असे नाही. भर रस्त्यात व्याख्यान दिले असते तर ती पळूनच गेली असती. मी एवढेच विचारले, "मोबाईल काढायच्या आधी तू कोणता उचलला होता?" ती हसली. मग हळदीचा स्वेटर पुन्हा खाली उतरला. खांद्याची शिवण मी बघितली. बरोबर हाडावर बसत होती. बाह्या जराशा लांब होत्या, त्या तिने दुमडल्या. लोकर खरी की कॅशमिलॉन असे विचारले तर दुकानदार म्हणाला, "काका, या भावात खरी लोकर कुठून येईल?" हे त्याचे दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षा आवडले. राखी स्वेटरही तिने घेतला, ते मी लपवत नाही. म्हणाली, वर्गात तो घालीन.

महिन्याभराने तिचा फोन आला. दिल्लीत धुके होते आणि पहाटे नळाचे पाणी हाताला चावत होते. हळदीचा स्वेटर रोज अंगात आहे म्हणाली. वसतिगृहातल्या मुली लांबूनच हाक मारतात. फक्त त्याच्या काखेत आणि बाह्यांवर लोकरीचे गोळे आले आहेत, ते कशाने काढायचे ते काकूला विचारून सांगा.